सातवा परिच्छेद

२० नोव्हेंबर २०२३, सोमवार

दारावर नोटीस. खळ एवढी थापली होती की काढायला गेले तर दाराचा रंगच निघाला. याच दिवाळीत मारलेला रंग!

एकवीस दिवसांत जागा सोडा. विमानतळाच्या हद्दीतली जमीन, केंद्राचा कायदा, अमुक कलम, तमुक पोटकलम. खाली गोल शिक्का. अठ्ठावीस वर्षं मी अंधेरीच्या कोर्टासमोर टेबल टाकून असल्या नोटिशींची उत्तरं टाइप करतेय. पण त्यावर ‘मालन शिवदास पगारे’ असं आपलंच नाव पहिल्यांदाच दिसलं. उंबऱ्यावरच बसले.

त्रिशरण नगरात दोनशे बारा घरं, दोनशे बारा नोटिसा. नाल्यापलीकडच्या भराडी नगरातही लावल्यात. तिथले नाना परब लुंगी सावरत साकव ओलांडून आले. गिरणी बंद पडल्यापासून ते तिथे, आणि रोज आमच्याकडे पेपर वाचायला. "गो मालन, ह्यां खरां काय?" खरं आहे म्हटलं. चहा ठेवला पुढे. प्यायले नाहीत, साय धरली त्यावर.

अपूर्वा आल्यावर तिच्या हातात नोटीस दिली. पोरगी वकील आहे माझी, हायकोर्टात उभी राहते. दोनदा वाचली. "मम्मी, उगाच हातपाय गाळू नकोस. आपल्याकडे राज्याचा झोपडपट्टी कायदा आहे, झोपडी आपल्या नावावर असल्याचे सरकारी फोटोपास आहेत. पर्यायी घर दिल्याशिवाय कोणी हात लावू शकत नाही." म्हणजे भांडायचं. बरं वाटलं ऐकून.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

विहारात मीटिंग. दोन्ही वस्त्यांचं वकीलपत्र अपूर्वाला द्यायचं ठरलं. कमिटीचा अध्यक्ष चंद्रप्रकाश धिवार उभा राहिला, भिंतीवरच्या फोटोकडे हात केला — "ज्या शिवदासदादांनी दोन हजार नऊला बिल्डरला पळवून लावलं, त्यांची लेक आहे ही!" टाळ्या. मीही वाजवल्या.

माझा नवरा. पोस्टात होते, सात वर्षं झाली जाऊन. तेव्हाचा बिल्डर खोट्या संमत्या गोळा करून राज्याच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत आम्हाला कोंबायला निघाला होता. शिवदास म्हणाले, जमीन केंद्राची, इथे राज्याची योजना चालेलच कशी? योजनेच्या अधिकाऱ्यापुढे तसं प्रतिज्ञापत्र दिलं, दोनशे बारा घरांच्या वतीने. योजना रद्द! भराडी नगरवाले तेव्हा आमच्यात आले नव्हते. त्यांना बिल्डरचा टॉवर हवा होता. तो त्यांचाही बुडाला. शिवदास नानांना किती चिडवायचे!

घरी येताना अपूर्वा म्हणाली, "पप्पांच्या त्या केसचे कागद कुठेत गं?"

उंदरांनी खाल्ले असतील, बघते — असं म्हणाले मी. पटकन. विचार न करता. का म्हणाले ते मला माहीत आहे.

२२ नोव्हेंबर, बुधवार

काम खूप. ट्रंक उघडली नाही.

२५ नोव्हेंबर, शनिवार

अपूर्वा मुलुंडला अशिलाकडे गेली. दाराला कडी लावली आणि ट्रंक ओढली पलंगाखालून. शिवदासांच्या पोस्टाच्या खाकी पिशवीत एकच कागद निघाला. त्या प्रतिज्ञापत्राची माझ्याकडची प्रत.

परिच्छेद सात. लिहूनच टाकते इथे, निदान या वहीला तरी कळू दे:

"विमानतळ हा विषय संसदेच्या अखत्यारीतील असून त्यास आवश्यक व आनुषंगिक असे सर्व अधिकार संसदेसच आहेत. सबब सदर जमिनीवर राज्याचा कोणताही कायदा लागू नाही. आम्ही केवळ केंद्र सरकारच्या परवानगीने राहत असून केंद्रास जागेची गरज लागेल तेव्हा ती विनातक्रार रिकामी करून देऊ."

हा परिच्छेद शिवदासांचा नाही. माझा आहे.

माझाही नाही खरं तर! विमानतळावरच्या एका कँटीनवाल्याच्या फाइलमधला. आम्ही कोर्टासमोरचे टायपिस्ट असंच करतो. प्रत्येकाकडे ‘फॉरमॅट’ असतात. जुन्या अर्जातला वजनदार परिच्छेद उचलायचा, नाव-गाव बदलायचं, नव्यात डकवायचा. पक्षकार खूश, वकील खूश, कागद भरल्यासारखा दिसतो. शिवदासांनी हाताने चार पानं लिहून दिली होती — साधी, नेमकी. मला ती पोरकट वाटली. म्हटलं, माझ्या नवऱ्याचा कागद साहेबाने हातात धरला पाहिजे! "संसद", "आनुषंगिक" असे शब्द असले की अधिकारी बिचकतात. टाकला परिच्छेद. शेवटची ओळ त्याला चिकटून आली. मी वाचलीच नाही. कंटाळा आला होता, पोळ्या व्हायच्या होत्या.

आणि शिवदासांनीही वाचलं नाही. नोटरीसमोर पेन मागितलं नि सही ठोकली. "तू टाइप केलंस ना? मग झालं तर."

दोन वर्षांनी कशासाठी तरी काढला कागद आणि मला ती ओळ दिसली. तेव्हापासून गिळून बसलेय. त्यांना सांगितलं नाही. ते गेले तेव्हाही नाही.

प्रत बादलीत भिजवली, लगदा केला, ओल्या कचऱ्यात टाकला. वास येत होता हाताला शाईचा. की मला वाटला.

२६ नोव्हेंबर, रविवार

संविधान दिन. विहारात उद्देशिका वाचली सगळ्यांनी मिळून. दरवर्षी माझा आवाज सगळ्यात मोठा असतो. आज नव्हता.

नंतर अपूर्वाने दोन्ही वस्त्यांना केस समजावली. नाना पुढच्या रांगेत, कानामागे हात. "माका काय्येक समाजला नाय. विमानतळ दिल्लीचो, ठीक. पण माझी खोली दिल्लीची कशी झाली?"

अपूर्वा म्हणाली, "नाना, घटनेत याद्या आहेत. काही विषय संसदेचे, काही राज्याचे, काही दोघांचे. विमानतळ संसदेकडे. जमीन राज्याकडे. आता संसदेला विमानतळाचा अधिकार दिला, तर तो चालवायला जे लागतं ते वेगळं लिहावं लागत नाही. ते आतच धरलेलं असतं. तुम्ही सुनेला म्हणालात स्वयंपाक तू कर, तर चूल, काडेपेटी, पाणी आलंच ना त्यात?"

"इला."

"पण शेजाऱ्याची खोली आली का? की मला भांडी ठेवायला जागा लागते, तुम्ही उठा?"

नाना हसले. "आमची सून तांय म्हणात!" सगळा विहार हसला. अपूर्वा म्हणाली, आपली केस एवढीच. विमानतळाचा अधिकार कुठवर पोचतो आणि कुठे थांबतो. कुठेतरी थांबलाच पाहिजे.

काय बोलते पोरगी! मी मागे चपलांजवळ बसले होते. अभिमानाने रडू येत होतं आणि भीतीनेही. बायकांना वाटलं, शिवदास आठवले.

६ डिसेंबर, बुधवार

दादरला जाऊन आलो. बाबासाहेबांपुढे आपण काही मागत नाही. आज मागावंसं वाटलं, लाज वाटली.

११ डिसेंबर, सोमवार

पहिली तारीख. स्थगिती मिळाली! पुढच्या सुनावणीपर्यंत एक वीटही हलवायची नाही. चंद्रप्रकाशने हायकोर्टाच्या फुटपाथवरच सगळ्यांना उसाचा रस पाजला. दोन हजार नऊचं नावही कोणी काढलं नाही. विमानतळवाल्यांच्या वकिलाकडे तो कागद नाहीच बहुतेक. चौदा वर्षं झाली. सरकारी कपाटात वाळवीने खाल्ला असेल. वाळवीचे उपकार होतील माझ्यावर.

अपूर्वा मात्र फाइल बॅगेत कोंबून पुढे निघाली. विचारलं तर म्हणाली, "दमलेय गं." आजकाल माझ्या टेबलावरचं काही उचलायचं असलं की विचारते आधी. असं कधी करत नव्हती.

९ जानेवारी २०२४, मंगळवार

युक्तिवाद! टेबल बंद ठेवून गेले ऐकायला.

पलीकडचा वकील सिनियर. पांढरे केस, आवाज लोण्यासारखा. म्हणाला, घटनेचे शब्द चिमट्याने धरून वाचायचे नसतात. संसदेला विमानतळाचा अधिकार आहे म्हणजे त्याच्या सुरक्षेचा आहे, भिंतीचा आहे, भिंतीलगत कोण राहतं याचाही आहे. नाहीतर अधिकार देऊन उपयोग काय? राज्याचा झोपडपट्टी कायदा त्याच्या आड येत असेल तर त्याने बाजूला व्हायचं.

मला पटलं! खरंच पटलं, काय करू? मनात म्हटलं, झालं, वाट लागली.

मग अपूर्वा उठली. काळा कोट खांद्यात सैल होतो तिला, वाळलीय. म्हणाली, "माय लॉर्ड, विमानं अंधेरीवरून जातात, घाटकोपरवरून जातात, साकीनाक्यावरून तर छपराला पाय लागतील इतकी खालून जातात. सुरक्षेचा प्रश्न तिथेही आहे. मग अख्खं उपनगर संसदेच्या यादीत गेलं का? मुलांचं पाळणाघर, नळ, संडास — सगळं विमानतळाला आनुषंगिक?" जजसाहेब हसले. लिहून घेतलं त्यांनी. अपूर्वा पुढे म्हणाली, जो अधिकार लिहिलेला नाही, फक्त धरून चालायचा आहे, तो गरजेपुरताच धरावा. गरज संपली की तो संपतो. भिंत बांधा. पण भिंतीसाठी माणूस हलवायचा असेल तर त्याला घर द्यायचं हे राज्याने ठरवलंय, आणि ते पाळूनही भिंत बांधता येते. दोन्ही कायदे एकत्र नांदू शकतात. मग एकाला हाकलायचं कशाला?

पंचेचाळीस मिनिटं. कागदाकडे न बघता. बाहेर नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "जितला गो चेडवान!" मला वाटलं, जिंकलो खरंच. घरी येऊन सांज्याच्या पोळ्या केल्या. अपूर्वाने अर्धी खाल्ली.

३१ जानेवारी, बुधवार

निघाला.

लोणीवाल्या वकिलाने एक पिवळा कागद वर केला. योजनेच्या कार्यालयातून काढलेली प्रमाणित प्रत. त्रिशरण नगराने स्वतः शपथेवर सांगितलंय, म्हणाला. आणि परिच्छेद सात वाचला. माझा. मोठ्याने, सावकाश. "विनातक्रार रिकामी करून देऊ" हे तर दोनदा.

चंद्रप्रकाशने वळून बघितलं. माझ्याकडे नाही, अपूर्वाकडे.

जजसाहेबांनी तिला विचारलं, "हे म्हणणं तुमच्या पक्षकारांचं स्वतःचं आहे की कुणी लिहून दिलं? मूळ मसुदा, सूचना, कमिटीचा ठराव — काही आहे का? असेल तर मी बघेन. टायपिंगमध्ये काय काय होतं ते मला माहीत आहे."

मी उठले. खरंच उठले, अर्धी. गुडघ्यावर हात टेकून. अपूर्वाने मागे बघितलं. तिची नजर माझ्यावर आली आणि ती म्हणाली, "नाही, माय लॉर्ड. काही शिल्लक नाही."

मी बसले खाली. तिचं उत्तर झालं होतं ना! मग मी मधे कशाला बोलायचं? — असं सांगितलं मी स्वतःला. भेकड. दुसरा शब्द नाही.

१ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी नळावर गेले तर बायका बोलायच्या थांबल्या.

चंद्रप्रकाश घरी आला. चप्पल न काढता. "वहिनी, दादा असं कसं लिहून बसले? आम्हाला विचारलं नाही, सांगितलं नाही. दोनशे बारा घरं विकली त्यांनी, एका ओळीत!" कमिटीतर्फे तुझीही सही होती रे, असं तोंडावर आलं होतं. म्हणाले नाही. पाणी दिलं. प्यायला नाही तोही.

अपूर्वा आतून बाहेर आली नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

शिवदासांचा फोटो विहारातून काढला. जुन्या पेपरात गुंडाळून कोणीतरी आमच्या पायरीवर ठेवून गेलं. काच तडकलीय कोपऱ्यात. मी काचेवरून हात फिरवला आणि बोट कापून घेतलं. बरं झालं.

चौतीस वर्षांचा संसार. खोटं बोलायचे नाहीत, पोस्टातली पेन्सिल घरी आणायचे नाहीत. आणि आज वस्तीतली शेंबडी पोरं त्यांना गद्दार म्हणतायत! मी ऐकते. भाजी चिरते. परत ऐकते.

अपूर्वाला म्हटलं, "पप्पांवर रागावलीस?" म्हणाली, "नाही." मग? "मम्मी, तो विषय नको ना." उठून गेली. बापाची लाज वाटतेय तिला, असं समजले मी. आणि समजू दिलं.

१२ फेब्रुवारी, सोमवार

एका गिऱ्हाइकाने भाडेकराराचं प्रतिज्ञापत्र आणलं. दीड पान. म्हणाला, "बाई, जरा वजनदार करा ना." हाकलून दिलं. दिवसभर हात चालले नाहीत.

२० फेब्रुवारी, मंगळवार

निकाल.

अपूर्वा जिंकली. आणि आम्ही हरलो. असं होऊ शकतं हे मला अठ्ठावीस वर्षांत माहीत नव्हतं.

कायद्याचा मुद्दा सगळा तिच्या बाजूने. जजसाहेबांनी तिची वाक्यं जशीच्या तशी घेतलीत. संसदेच्या अधिकारात विमानतळाला लागणारं सगळं गर्भित आहे, पण लागणारंच. माणसांच्या निवाऱ्याचा राज्याचा कायदा त्याने आपोआप पुसला जात नाही. फोटोपासवाल्यांना पर्यायी घर दिल्याशिवाय उठवायचं नाही. सबब भराडी नगराचा अर्ज मंजूर.

मग पान उलटलं. त्रिशरण नगराची गोष्ट वेगळी. संसदेला किती अधिकार आहे ते लोकांच्या प्रतिज्ञापत्राने ठरत नाही, हे खरं. पण राज्याचा कायदा आम्हाला नको, आम्ही परवानगीने राहतो, मागाल तेव्हा उठू — असं यांनी शपथेवर सांगितलं, त्यावर योजना रद्द करून घेतली, फायदा घेतला. आता उलट बोलता येणार नाही. ते लिखाण त्यांचं नव्हतं असा कोणताही पुरावा पुढे आलेला नाही. सहा आठवड्यांत जागा रिकामी करा.

म्हणजे नाल्याच्या त्या बाजूला कायदा आहे आणि या बाजूला मी टाइप केलेला परिच्छेद.

बाहेर आल्यावर अपूर्वा कठड्याला धरून उभी राहिली. मी पाठीवर हात ठेवला तर आक्रसली.

२१ फेब्रुवारी, बुधवार

नाना पेढे घेऊन आले. दाराबाहेरच उभे. आत या म्हटलं तरी येईनात. "मालन, घराच्यांनी दिल्यानी वाटूक. तुका कसे देव, माकाच समजणा नाय." पुडा हातात तसाच. डोळे भरलेले म्हाताऱ्याचे. "शिवदासान असा कसा केल्यान गो? इतको हुशार माणूस."

त्यांनी नाही केलं नाना! जिभेवर होतं. पेढा घेतला आणि तोंडात टाकला. तोंड बंद राहावं म्हणून.

२८ फेब्रुवारी, बुधवार

मोजदादवाले आले आज. भिंतींवर लाल रंगाने आकडे टाकले. आमचा एकशे सेहेचाळीस. चंद्रप्रकाशची आई, पंच्याऐंशी वर्षांची, आकड्यावर शेण सारवत होती. "मी नाही दिसू द्यायची," म्हणत होती. तिला कोणी थांबवलं नाही. तिची नात गुपचूप भांडी बांधत होती.

बस झालं. आता नाही सहन होत.

टेबलावर गेले. शेजारच्या गाळ्यातल्या नोटरी शर्मिष्ठाताईंना नाव न घेता विचारलं — एखाद्या टायपिस्टने स्वतःच्या मनाने परिच्छेद घातला असेल, तिने आता शपथेवर कबूल केलं, तर? त्यांनी चष्म्यावरून बघितलं माझ्याकडे, बराच वेळ. म्हणाल्या, निकालाचा फेरविचार मागता येतो. महिना असतो हातात. पण नुसत्या कबुलीला कोण विचारतं? घर जायला लागलं की माणूस काहीही कबूल करतो. हाताने लिहिलेला मूळ मसुदा हवा. त्यात परिच्छेद नाही आणि टाइप केलेल्यात आहे, हे डोळ्यांनी दिसलं तर जज ऐकतील. "त्यांनी स्वतःच विचारलं होतं ना?" म्हणाल्या. म्हणजे कळलं त्यांना.

२ मार्च, शनिवार

प्रतिज्ञापत्र टाइप केलं. सव्वा पान. एकही शब्द कुठून उचललेला नाही. ‘मी, मालन शिवदास पगारे, वय एकसष्ट, धंदा टायपिंग, सत्यप्रतिज्ञेवर सांगते की परिच्छेद सात माझ्या पतीने सांगितला नाही, लिहिला नाही व वाचला नाही.’ एवढं झाल्यावर हुंदका आला, तिथेच, गिऱ्हाइकासमोर. पण हलकं वाटतंय. लोक दगड मारोत आता. तुरुंगात टाकोत. शिवदासांचा फोटो परत भिंतीवर जाईल. बास.

सोमवारी अकरा वाजता शर्मिष्ठाताईंसमोर सही. अपूर्वाला सही झाल्यावरच सांगणार. आधी सांगितलं तर अडवेल.

फक्त मसुदा. ती चार पानं मी फेकली नव्हती, हे आठवतंय. त्याच खाकी पिशवीत होती, प्रतिज्ञापत्राला टाचणी लावून. मग त्या दिवशी का नव्हती? उद्या अपूर्वा घाटकोपरला मैत्रिणीच्या मुलाच्या बारशाला जाईल. घर उलथंपालथं करते.

३ मार्च, रविवार

मिळाली.

अपूर्वाच्या केसच्या फाइलमध्ये, सगळ्यात खाली, प्लास्टिकच्या कव्हरात. शिवदासांचं अक्षर. म्हणजे माझ्याआधीच तिने ट्रंक उघडून ही काढून घेतली होती. चार पानं. सहा परिच्छेद. सहाच! खाली तारीख, शिवदासांची सही आणि कमिटीच्या पाच जणांच्या सह्या. चंद्रप्रकाशचीसुद्धा. यापेक्षा मोठा पुरावा कुठला असतो?

मागे प्रतिज्ञापत्राची प्रमाणित प्रत. तिने स्वतः अर्ज करून काढलेली. शिक्का १ डिसेंबरचा. पहिल्या तारखेच्या दहा दिवस आधीचा. परिच्छेद सातला पेन्सिलने कंस केलाय, बाजूला बारीक अक्षरात — ‘पप्पांच्या पानांत नाही. मम्मीचा फॉरमॅट.’

४ मार्च, सोमवार

जजसाहेबांनी विचारलं तेव्हा हे तिच्या बॅगेत होतं. माझ्याकडे बघून ‘काही शिल्लक नाही’ म्हणाली. आता ही पानं पुढे केली तर दोनशे बारा घरं वाचतील आणि कोर्टाशी खोटं बोलली म्हणून माझ्या लेकीची सनद जाईल. 

पानं होती तिथे परत ठेवली. अकरा वाजून गेले. शर्मिष्ठाताईंचा फोन वाजतोय. उचलला नाही.